प्रूफ आलंय आणि आता कथा परत मागवावीशी वाटतेय

टीपकागद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

तर झालंय असं की एका दिवाळी अंकाकडे मी जूनमध्ये कथा पाठवली होती. कोणालाही न सांगता, नवऱ्यालासुद्धा नाही. ती घेतली त्यांनी. संपादकांचा फोन आला, "आवडली, घेतोय", झालं, एवढंच बोलणं. तो दिवस माझा हवेत गेला. आणि परवा प्रूफ आलं पीडीएफमध्ये. दोन कॉलम, वर माझं नाव जाड टायपात, आणि वाचायला घेतलं तर तिसऱ्या परिच्छेदापासून पोटात गोळा. ही कथा वाईट आहे हो. विनय वगैरे नाही, खरंच वाईट आहे. जूनमध्ये हीच कथा मी रात्री उठून उठून वाचत होते आणि स्वतःवर खूश होते, आता तीच वाचताना वाटतंय की ही दुसऱ्या कोणी लिहिली असती तर मी दुसऱ्या पानावर सोडली असती.

संपादकांना मेल लिहून ठेवलाय की काही कारणाने कथा मागे घेते, क्षमस्व. ड्राफ्टमध्ये पडलाय. प्रूफ सोमवारपर्यंत परत द्यायचंय. तुमच्यापैकी जे लिहितात, गातात, चित्रं काढतात, नाटकं बसवतात त्यांना असं होतं का? आणि झालं तर तुम्ही नेमकं काय करता? "स्वतःवर विश्वास ठेव" हे सोडून सांगा प्लीज, ते बहिणीने सांगून झालंय.

रात्रपाळी
पहिला! :) आधी अभिनंदन, बाकी ब्रेकमध्ये वाचतो.

चहाबाज
अभिनंदन. मागवू नका. बास.

कडूकारलं
मी वेगळं सांगतो, शिव्या पडतील माहितीये. मागवा परत. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा ती एक घटना होती, आज गल्लोगल्ली अंक निघतात आणि सगळ्यांना पानं भरायची असतात. संपादकाने घेतली म्हणजे चांगली असा अर्थ होत नाही, वेळेत आली आणि लांबी बसली एवढाही होतो. लेखिका स्वतः म्हणतेय वाईट आहे, मग तिचं ऐका की. इथे सगळे मिळून "छान लिहितेस गं तू" करायला लागलात की झालं. रोज लिखाणाच्या जिलब्या पाडणाऱ्यांना कधी शंका आलेली बघितलीये का? ज्याला येते त्याचं डोकं जागेवर आहे.

झुळूक७
कारलं, नावाला जागलात अगदी. वेळेत आली आणि लांबी बसली म्हणे! तुमची आली होती का हो कधी कुठे, की नुसतीच लांबी बसली नाही?

कडूकारलं
आलीये. दोनदा. दोन्ही अंक बंद पडले. योगायोग असावा.

चहाबाज
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आता टीपकागद ताईंनी अंकाच्या जिवासाठी तरी विचार करावा.

वेंधळी
अगं मला तर इथे प्रतिसाद टाकल्यावरसुद्धा असं होतं. संपादनाची मुदत संपेपर्यंत दहा वेळा बदलते. रांगोळीचं पण तेच, गुढीपाडव्याला काढलेली मोठी रांगोळी सकाळी पुसून परत काढली, सासूबाई म्हणाल्या पहिलीच बरी होती. फोटो नव्हता काढला त्यामुळे कोण बरोबर ते कधीच कळणार नाही. तुझा पहिला ड्राफ्ट ठेवलायस ना? तो आणि प्रूफ शेजारी ठेवून बघ.

सावलीतलं ऊन
कोणीतरी आता इम्पोस्टर सिंड्रोम म्हणणारच आहे म्हणून आधीच लिहिते. समुपदेशनाचं काम करते, हा शब्द दिवसातून चारदा कानावर येतो. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी १९७८ साली यावर पहिला लेख लिहिला, तो शिकलेल्या, यशस्वी बायकांबद्दल होता. आणि त्यांनी सिंड्रोम म्हटलेलंच नव्हतं, फिनॉमेनन म्हटलं होतं. तो आजार नाही, निदानाच्या अधिकृत यादीतही नाही. वर्णन काय, तर पदव्या, पदं, कौतुक सगळं मिळतंय आणि तरी आतून वाटतंय की मी सगळ्यांना फसवतेय, एक दिवस पकडली जाणार.

आता टीपकागद यांना हे लागू होतं का? त्यांचं कौतुक एकूण दोन शब्दांचं झालंय. फसवायला आधी कोणीतरी फसलेलं लागतं. मला ही साधी, निरोगी धडधड वाटते, पहिल्यांदा छापून येताना होणारी. लेबल लावलं की मात्र ती चिकटते.

रात्रपाळी
ब्रेक झाला. मी तेच लिहायला आलो होतो, इम्पोस्टर सिंड्रोम. जातो परत मशीनवर.

मंद्रसप्तक
गाण्यात हे वेगळं असतं असं मला वाटायचं कारण तिथे परत मागवायची सोयच नसते, सूर लागला नाही तर नाही लागला, समोर माणसं बसलेली. पण धडधड तीच. माझ्या गुरुजींकडे एक पद्धत होती, कार्यक्रमानंतर "कसं झालं?" विचारायची बंदीच होती. "तिसऱ्या आवर्तनात गंधार चढला का?" असं विचारायचं. मग ते हो किंवा नाही सांगत. "कसं झालं" विचारलंस की मी पानाचा डबा उघडणार, असं म्हणायचे आणि खरंच उघडायचे.

कुमार गंधर्वांचं उदाहरण नेहमी मनात येतं. बालवयात डोक्यावर घेतलेला गवई, तरुणपणी क्षय झाला, देवासला मुक्काम हलवला आणि साधारण पाच-सहा वर्षं गाणं पूर्ण बंद. विचार करा, आजूबाजूला सगळे गाताहेत, तुम्ही खाटेवर, आणि आवाज परत येईल का याची कोणी हमी देत नाही. त्या काळात त्यांच्या कानावर माळव्यातली बायाबापड्यांची गाणी पडत राहिली आणि पुढे त्यांच्या गाण्यात ती उतरली. फुफ्फुसाची ताकद कमी झाली तर लहान, तुटक, झपकन येऊन जाणाऱ्या जागा आल्या. आत्मविश्वास आधी परत आला आणि मग गाणं आलं असं काही मला त्यात दिसत नाही. मर्यादा कुठे आहे ते अगदी बोट ठेवून माहीत होतं असं दिसतं.

चहाबाज
वा. मंद्र काका, तुम्ही वेगळा धागा काढा यावर.

खानदेशी वारा
मंद्रसप्तक यांच्या प्रतिसादावरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आमच्या जळगावकडे बहिणाबाई सगळ्यांच्या तोंडी. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, शेतात, घरात काम करताना ओव्या म्हणायच्या, घरातल्या पोरांनी त्यातलं काही उतरवून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग मुलगा सोपानदेव चौधरी, जो स्वतः नाव असलेला कवी, तो ती वही घेऊन आचार्य अत्र्यांकडे गेला आणि ५२ साली पुस्तक आलं. आता हे कौतुकानं सगळे सांगतात पण मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. बहिणाबाईंना शंका होती असं कुठं दिसत नाही. त्यांना छापायचंच नव्हतं, कोणाला दाखवायचं नव्हतं. संकोच होता तो शिकलेल्या मुलाला. कारण पुण्या-मुंबईचे लोक या बोलीला काय म्हणतील ते त्यालाच माहीत होतं, आईला माहीत असायचं कारणच नव्हतं.

माझंच सांगतो. मी बोलीत लिहायला घेतलं की हात थांबतो. कथा चांगली की वाईट तिथपर्यंत मी पोचतच नाही, "आमना" लिहू की "आमचा" लिहू इथंच अडकतो. शाळेत निबंधाच्या वहीवर लाल शाईनं गोल केलेले शब्द अजून डोळ्यासमोर आहेत, सगळे घरचे शब्द. तर तुम्ही लोक ज्याला आत्मविश्वास म्हणता तो बऱ्याच जणांच्या बाबतीत स्वभावाचा प्रश्न नसतो, कोण हसणार आहे याचा हिशेब असतो तो, आणि हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो. टीपकागद ताई, तुम्हाला कोण हसेल असं वाटतंय? एक चेहरा डोळ्यासमोर आहे का?

टीपकागद
बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार, कारल्याचेही.

खानदेशी वारा, हो, आहे चेहरा. कॉलेजात आम्हाला मराठी शिकवणारे सर होते, आता खूप वय झालंय, दरवर्षी हा अंक घेतात हे मला माहितीये. ते वाचतील. हसणार नाहीत ते. चष्मा काढून ठेवतील आणि विषय बदलतील. ते जास्त वाईट.

वेंधळी, पहिला ड्राफ्ट आहे, पण तो अजूनच भयंकर आहे गं.

झुळूक७
सर आधी अनुक्रमणिका बघतील, तुमचं नाव वाचून शेजाऱ्यांना दाखवायला जातील आणि कथा वाचतील पाडव्याला. शिक्षकांना मी ओळखते, घरात दोन आहेत.

उगाच_कुणीतरी
मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारतो, मानधन किती? अंकाचं नाव नको, आकडा सांगा फक्त. शंका दूर होते की वाढते ते बघू.

टीपकागद
त्याबद्दल काही बोलणं झालेलं नाही :( विचारायला संकोच वाटला.

उगाच_कुणीतरी
तिथे! तिथे आत्मविश्वास पाहिजे खरा. फोनवर दोन वाक्यं ते बोलले, तिसरं तुमचं असायला हवं होतं.

ग्रंथकीटक
मृत्यूआधी जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्काने मित्राला, मॅक्स ब्रॉडला, सगळी हस्तलिखितं जाळून टाकायला सांगितली होती. १९२४ ला काफ्का गेला, ब्रॉडने ऐकलं नाही, म्हणून आज आपण काफ्का वाचतो. निर्मात्याला स्वतःच्या निर्मितीचं मूल्य कळतच नाही याचा याहून मोठा पुरावा काय हवा? तेव्हा मागे घेण्याचा अधिकार लेखकाला नैतिकदृष्ट्या असतो का इथून चर्चा व्हायला हवी.

कडूकारलं
ग्रंथकीटक, काफ्काचं उदाहरण द्यायला प्रत्येक जण पुढे, कारण तो काफ्का निघाला. ज्यांच्या मित्रांनी वह्या जाळल्या नाहीत आणि त्या रद्दीत गेल्या त्यांची नावं सांगा की. आपली वही बहुतेक त्या ढिगातली असते. आणि केशवसुतांचंही आता कोणीतरी काढेल, की हयातीत पुस्तक निघालं नाही, १९०५ ला गेले आणि १९१७ ला कविता पुस्तकरूपाने आल्या. खरं आहे. पण ते हयातीत मासिकांतून छापून येतच होते, माळ्यावर नव्हते ठेवत.

ग्रंथकीटक
मी केशवसुतांचं काढणारच होतो.

रात्रपाळी
आज सगळ्यांचं कोणीतरी आधीच लिहितंय.

पेणचा
आमचा गणपतीचा कारखाना. वाचून गंमत वाटली, आमच्यात असा प्रश्न येत नाही कारण तारीख पंचांगात असते. चतुर्थीला मूर्ती घरात पाहिजे म्हणजे पाहिजे, मला आवडली नाही म्हणून देत नाही असं म्हणायची सोय नाही.

पण शंका असते. आमच्यात सगळ्यात अवघड काम डोळ्यांची आखणी. माती, साचा, पॉलिश, रंग सगळं झालं तरी आखणी होईपर्यंत ती मूर्ती नुसती वस्तू असते. ते काम सगळ्यांना देत नाहीत. वडील करायचे, आता मी करतो. श्वास धरून एका फटक्यात रेघ यावी लागते, हात थरथरला तर नजर तिरकी जाते आणि गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, बाप्पा बघत नाहीये. मी पहिल्यांदा आखणीला बसलो तेव्हा वडिलांनी मला सगळ्यात छोट्या मूर्ती दिल्या होत्या, त्यातल्या चार नजरा एकदम बिघडल्या. ते ओरडले नाहीत. पांढरा रंग लावून परत माझ्यासमोर ठेवल्या, म्हणाले "डावा डोळा बरा येतोय तुझा, उजव्याला मनगट उचलतोस". एवढंच. मी चांगला कलाकार आहे का वगैरे तेव्हा डोक्यात नव्हतं, मनगट होतं डोक्यात. अजूनही जुलैत पहिली मूर्ती घेतली की हात गार पडतो, दहा-बारा झाल्या की विसरायला होतं.

मंद्रसप्तक
पेणचा, मनगटाला सलाम. माझ्या गुरुजींचा गंधार आणि तुमच्या वडिलांचं मनगट एकच आहे.

सावलीतलं ऊन
+१

जर्सीकर
आमच्याकडे उलटा त्रास. इथे न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यक्रमाला काहीही करा, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. गेल्या गणपतीत मी लिहिलेली एकांकिका केली, मधे माइक बंद पडला, एका पात्राने पुढच्या प्रवेशातले संवाद आधीच म्हणून टाकले, गोष्टीचा पत्ताच लागला नाही, तरी उभं राहून टाळ्या. नंतर जेवणाच्या रांगेत श्रीखंड वाढताना प्रत्येक जण "फारच छान". घरी येऊन मला झोप नाही. टीपकागद, तुमच्या संपादकाने दोन शब्दांत "आवडली" म्हटलं ना, मला तेवढं कोणीतरी अनोळखी माणसाने म्हणावं म्हणून मी इथून अंकांना मेल करत असतो. उत्तरही येत नाही.

नेपथ्य
जर्सीकर, टाळ्या नकोत म्हणताय तर दुसरं टोक सांगतो. २०२२ ला पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत करंडक कोणालाच दिला गेला नाही. १९६३ पासूनची स्पर्धा, भरत नाट्य मंदिर खचाखच, पोरांनी महिना-दीड महिना कॉलेज बुडवून तालमी केलेल्या, आणि निकाल काय तर करंडक कुणालाच नाही. नंतर पेपरात, फेसबुकवर बराच गदारोळ झाला. अर्धे म्हणाले दर्जा राखायचा तर हिंमत लागते, अर्धे म्हणाले पोरांना मारून टाकलंत.

मी तालमींना जाऊन बसणारा, मला दोन्ही बाजूंचे लोक माहिती आहेत. माझं मत परीक्षकांच्या बाजूने झुकतं, उगाच करंडक देऊन काय होतं ते जर्सीकरांनी सांगितलंच. पण एका पोराचं बोलणं लक्षात राहिलंय. त्याच्याच शब्दात, "दादा, हरलो असतो तर दुसऱ्याचं बघून शिकलो असतो, कोणीच जिंकलं नाही तर बघू कोणाकडे?" तो पुढच्या वर्षी परत उतरला होता. लाइट्सला. लेखन नको म्हणाला. आता लाइट्स फार सुंदर करतो, हे चांगलं झालं की वाईट मला खरंच ठरवता येत नाही.

झुळूक७
लाइट्सला गेला हे वाचून कसंतरीच झालं.

माशेलकर नव्हे माशेलचा
आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावचंच नाटक असतं. कंडक्टर, मास्तर, काजू विकणारा सगळे रंग लावतात. पाठांतर कोणाचंच पूर्ण नसतं, विंगेत प्रॉम्प्टर असतो त्याचा आवाज पहिल्या चार रांगांना ऐकू येतो, आणि त्यातून एखादा असा भाव देऊन जातो की अंगावर काटा. आमचे एक काका वर्षभर कोणाशी धड बोलत नाहीत पण उत्सवात औरंगजेब. त्यांना विचारलं भीती वाटत नाही का, तर म्हणाले ती कोणाला, मला की औरंगजेबाला? टीपकागद, तुम्ही टोपणनावाने छापा की!

वेंधळी
माशेलचा, हहपुवा! पण टोपणनाव आयडिया वाईट नाही.

हेमंती
मी म्हणते कथा चॅटजीपीटीत टाका, लगेच सांगेल कुठे काय चुकलंय. मी कविता टाकते नेहमी.

चहाबाज
आणि काय सांगतो तो?

हेमंती
आतापर्यंत प्रत्येक कविता "हृदयस्पर्शी" होती. :)

जर्सीकर
म्हणजे आमच्या मंडळाचा सभासद आहे तो.

पाच_एचपी
सगळा धागा वाचला. कोणीही अजून विचारलं नाही की कथेत आहे काय आणि खटकतंय कुठे. कुठल्या पानावर, कुठली ओळ? त्याशिवाय परत मागवा, नका मागवू काय सांगणार आम्ही.

टीपकागद
बरोबर आहे. थोडक्यात सांगते. कथेचं नाव "गव्हावर गहू". पिठाची गिरणी चालवणारी बाई, वडिलांची गिरणी, आता शेजारी घरघंटीवाले वाढलेत, पाकीटबंद आटा आलाय, एक बिल्डर जागा मागतोय. सबंध कथा एका रात्रीत घडते, दसऱ्याच्या आदल्या रात्री, दळणांची रांग लागलीये. मधला भाग मला अजूनही बरा वाटतो, दगडाला टाकी लावायचा (छिन्नीने खाचा पाडायचा) प्रसंग आणि एक म्हातारी "माझं ज्वारीवर टाकू नको, गव्हावर गहूच दळ" म्हणून भांडते तो. शेवट वाचला की लाज वाटते. तिसऱ्या परिच्छेदापासून गोळा येतो म्हटलं होतं, पण आता नीट बघितलं तर गोळा बहुतेक शेवट आठवूनच येतो.

नेपथ्य
शेवट टाका इथे.

पेजमेकर
पूर्ण टाकू नका! पूर्वप्रसिद्ध नको अशी अट असते अंकांची. चारपाच ओळी चालतील.

टीपकागद
बरं, शेवटच्या ओळी फक्त. हसू नका.

"रांग संपली होती. तिने पट्टा उतरवला. वरच्या डब्यात दोन मुठी गहू शिल्लक होते. बाबांचा आवाज कानात घुमला, 'पोरी, दगड थांबला की घर थांबतं.' तिच्या डोळ्यांतून आसवं ओघळली. तिने बिल्डरचा कागद टराटरा फाडला. बाहेर नवी पहाट उजाडत होती."

चहाबाज
आवडलं की मला. टराटरा मस्त.

कडूकारलं
पहाट काढा. आसवं काढा. बाबा काढा. पण हे वाचून एक सांगतो, "वरच्या डब्यात दोन मुठी गहू शिल्लक होते" ही ओळ ज्या बाईने लिहिली तिने कथा मागे घ्यायचं कारण नाही. माझं आधीचं मत मागे. कथा राहू दे, खालच्या ओळी जाऊ देत.

झुळूक७
कारल्याने मत बदललं! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

हेमंती
मला बाबांचं वाक्य आवडलं. ते काढलं तर ती का थांबली तेच कळणार नाही. सगळं कोरडं कोरडं लिहिलं की साहित्य होतं असं नाही.

नेपथ्य
हेमंती, पण तो आवाज आपण हजार नाटकांत ऐकलाय, इकोसकट. दोन मुठी गव्हावर पडदा पाडा.

टीपकागद
मग कागद? ती विकते की नाही हे कळायला नको का? पडदा पाडून मोकळं व्हायचं मला पटत नाही, वाचक काय समजायचं ते समजेल हा मला पळपुटेपणा वाटतो.

पाच_एचपी
आता माझं ऐका. आमची गिरणी होती, तीस वर्षं. तुमच्यात एक तांत्रिक घोळ आहे. चालू मोटरला पट्टा कोणी उतरवत नाही, बोटं जातात. आधी मोटर बंद, दगड फिरून फिरून थांबतो, मग पट्टा. दुसरं, आणि हे महत्त्वाचं, डब्यातलं धान्य संपत आलं की माणूस कान देऊन असतो, आवाज बदलतो. दगड रिकामा फिरू द्यायचा नसतो, दगडावर दगड घासतो, टाकी बोथट होते आणि पुढच्या दळणात कच येते. म्हणजे दोन मुठी गहू राहिलेत तेव्हा तुमच्या बाईला फक्त दोन गोष्टी करता येतात, मोटर बंद करायची नाहीतर वरून धान्य ओतायचं. मधलं काही नाही, आणि वेळ अर्धा मिनिट. बाबांचा आवाज ऐकत, रडत उभी राहिली तर दगड जाईल.

मंद्रसप्तक
अहाहा.

कडूकारलं
हा माणूस इतका वेळ कुठे होता?

पाच_एचपी
तुम्ही काफ्कावर होता तेव्हा जेवत होतो.

टीपकागद
पाच_एचपी, दंडवत घ्या. मी गिरणीत जाऊन बसले होते तेव्हा आवाज बदलतो हे मी ऐकलं होतं, वहीत लिहूनही ठेवलंय, आणि कथेत घातलंच नाही, कारण मला वाटलं शेवट "मोठा" पाहिजे. आत्ताच बसते. कागद मात्र ठेवणार, फाडणार नाही बहुतेक, त्याच कागदावर त्या म्हातारीचं सांडलेलं पीठ गोळा करून घेईल असं काहीतरी डोक्यात येतंय. वाईट असेल तर सांगू नका, सोमवार आलाय.

खानदेशी वारा
चांगलं आहे. लिहा.

हेमंती
मी अजूनही बाबांच्या बाजूने आहे. नोंद असावी.

पेजमेकर
बसताय ते ठीक, पण एक धोक्याची सूचना, हे काम माझं रोजचं. प्रूफमध्ये मुद्रणदोष काढायचे असतात, नव्याने लिहायचं नसतं, ऑपरेटर शिव्या घालतो. तरी शेवटचा परिच्छेद असेल तर जमतं, अट एकच, जेवढ्या ओळी काढाल तेवढ्याच घाला. कॉलमच्या ओळी मोजा, कथेच्या नव्हे. खाली जाहिरात लागलेली असेल आणि मजकूर वाढला तर पान सरकतं, मग पुढच्या सगळ्यांचं सरकतं. आणि बदललेला मजकूर युनिकोडमध्ये वेगळ्या फाइलमध्ये द्या, पीडीएफवर पेनाने लिहून फोटो पाठवू नका, हात जोडतो. आधी संपादकांना फोन करून विचारा.

टीपकागद
फोन केला. ते म्हणाले, "शेवट मलाही जरा गोड वाटला होता, पण तुम्हाला तोच हवा असेल म्हणून बोललो नाही. पाठवा." बोलले असते तर काय बिघडलं असतं हो! असो. पाठवला मजकूर. तो ड्राफ्टमधला मेल अजून डिलीट केलेला नाही, अंक हातात येईपर्यंत करणारही नाही बहुतेक. नवीन शेवट आत्ता बरा वाटतोय, दिवाळीत काय वाटेल सांगता येत नाही. अडचण एकच, दोन ओळी जास्त होतायत. कितीही कापलं तरी दोन ओळी.

पेजमेकर
लेखक परिचय किती ओळींचा आहे?

टीपकागद
चार.

पेजमेकर
दोन करा.

टीपकागद
झालं! तसंही तिसऱ्या-चौथ्या ओळीत "वाचनाची व लेखनाची आवड" लिहिलं होतं.

उगाच_कुणीतरी
फोन केलातच तर मानधनाचं विचारलंत का?